बुधवारची दुपार बंद करण्यापूर्वी

मंडळाच्या वार्षिक सभेची सूचना या अंकाच्या शेवटच्या पानावर छापली आहे. तिच्यातला सहावा विषय पुष्कळांनी वाचलाही नसेल, कारण तो गणेशोत्सवाच्या हिशोबाखाली दडला आहे. 'बुधवार दुपारच्या ज्येष्ठांच्या मेळाव्यासाठी हॉलचे भाडे पुढील वर्षापासून न देणे व ती रक्कम नव्या ध्वनिव्यवस्थेकडे वळवणे.' कारण असे दिले आहे की मेळाव्याला पंधरा-वीसच माणसे येतात, तीही तीच तीच, आणि चहा पिऊन, गप्पा मारून, पत्ते खेळून घरी जातात.

हा मेळावा चालवणारे आम्ही चौघे-पाचजण. आकडा बरोबर आहे. चहा, गप्पा आणि पत्ते हेही खरे. (अधूनमधून भजन असते, ते ठराव मांडणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेले दिसते.) तरीसुद्धा या ठरावाला आमचा विरोध आहे. तो का, हे सभेत मिळणाऱ्या दोन मिनिटांत सांगता येण्याजोगे नाही, म्हणून संपादकांकडून ही पाने मागून घेतली.

प्रश्न स्मृतिभ्रंशाचा आहे. आपल्याकडे या दुखण्याला निराळे नावच नव्हते. 'साठी बुद्धी नाठी' म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. फारच झाले तर 'म्हातारचळ' म्हणायचे आणि पाहुणे आले की त्या माणसाला आतल्या खोलीत बसवायचे. खिशात तीन पौंड घेऊन या देशात उतरलेली आपली पहिली पिढी आज ऐंशीच्या आसपास आहे. त्यांच्यातली काही माणसे हळूहळू कार्यक्रमांना दिसेनाशी होतात. विचारले तर घरचे सांगतात, 'गुडघे दुखतात हो.' गुडघे दुखत असतीलही. पण आमच्या ओळखीतल्या तीन घरांत तरी गुडघ्यांच्या आड दुसरेच दुखणे होते, आणि ते डॉक्टरांपर्यंत पोचायला वर्ष-दोन वर्षे लागली.

चष्मा कुठे ठेवला हे कोण विसरत नाही? स्मृतिभ्रंश म्हणजे ते नव्हे. चाळीस वर्षे हाताने घातलेल्या पुरणातल्या गुळाचा अंदाज चुकू लागतो. रोजच्या राउंडअबाउटवर कुठला फाटा घ्यायचा ते सुचत नाही. बिल एकदा भरले की दोनदा, याचा पत्ता लागत नाही. स्वभाव बदलतो, शांत माणूस संशयी होतो. अल्झायमरचा आजार हे त्याचे सर्वांत मोठे कारण, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होणे हे दुसरे. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात.

आता वयाबरोबर हे यायचेच, असे जे आपण गृहीत धरतो, तेच मुळात तपासून पाहायला हवे. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी केंब्रिजशायर, न्यूकॅसल आणि नॉटिंगहॅम या तीन भागांत पासष्टीपुढच्या हजारो लोकांची घरोघरी जाऊन पाहणी केली. पहिली खेप १९८९ ते १९९४, दुसरी २००८ ते २०११. भाग तेच, वयोगट तोच, पिढी निराळी. पहिल्या खेपेच्या प्रमाणाने दुसऱ्या वेळी शेकडा ८.३ जणांना स्मृतिभ्रंश आढळायला हवा होता. आढळला ६.५ जणांना. नव्याने रोग होण्याचे प्रमाणसुद्धा त्या वीस वर्षांत साधारण २० टक्क्यांनी उतरले होते, आणि ते मुख्यतः पुरुषांत. रोग टाळणारे औषध तर कुठलेच आले नव्हते. शाळा-कॉलेजात जास्त वर्षे काढलेली, सिगारेट कमी ओढणारी आणि रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणारी पिढी म्हातारी झाली, हेच त्याचे कारण असावे असा जाणकारांचा कयास आहे. एवढ्यावरून तरी दिसते की हे दुखणे केवळ कपाळावर लिहिलेले नसते.

'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने नेमलेली एक समिती या विषयावरचे जगभरचे संशोधन एकत्र करून पाहत असते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या प्राध्यापक गिल लिव्हिंग्स्टन तिच्या प्रमुख. २०१७ साली या समितीने टाळता येण्याजोगी नऊ कारणे सांगितली, २०२० साली बारा, आणि २०२४ च्या अहवालात चौदा. या चौदांचा बंदोबस्त झाला तर जगातल्या जवळजवळ ४५ टक्के लोकांचा स्मृतिभ्रंश टळेल किंवा पुढे ढकलला जाईल, असा त्यांचा हिशोब आहे. बरीचशी कारणे ऐकल्यावर आपण म्हणू, यात नवीन काय: रक्तदाब, मधुमेह, सिगारेट, दारू, लठ्ठपणा, बैठेपणा, वाईट कोलेस्टेरॉल, डोक्याला मार, मनाची उदासी, लहानपणी कमी शिक्षण, धुराची हवा, मोतीबिंदूसारख्या कारणाने गेलेली दृष्टी. पण त्या यादीत आणखी दोन कारणे आहेत, आणि सहाव्या विषयाचा संबंध त्या दोहोंशी आहे. एक, कमी ऐकू येणे. दुसरे, एकटे पडणे. ४५ पैकी ७ टक्के वाटा एकट्या ऐकू न येण्याचा आहे. कोलेस्टेरॉलचाही ७ आहे. त्याच्याहून मोठा वाटा यादीत कोणाचाच नाही. एकटेपणाचा ५. रक्तदाब आणि मधुमेह प्रत्येकी २.

हे आकडे एखाद्या माणसाच्या नशिबाचे नव्हेत, सगळ्या लोकसंख्येचे आहेत, हे ध्यानात असू द्यावे. नाहीतर आजारी माणसाच्या घरी जाऊन 'तुम्ही व्यायाम केला नाहीत म्हणून झाले' असे सांगणारे शहाणे आपल्यात निघतील. सगळे पथ्य पाळूनही हा रोग होतो, आणि काहीच न पाळणारे एखादे आजोबा नव्वदीत बिनचूक पाढे म्हणतात.

कानाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. डोळ्याला चष्मा लागला तर आपल्याला काही वाटत नाही. कानाला यंत्र म्हटले की मात्र इभ्रत आड येते. 'मला ऐकू येते, तुम्हीच पुटपुटता' हे वाक्य कुठल्या घरात नाही? एन.एच.एस.कडून ही यंत्रे फुकट मिळतात, सेल फुकट मिळतात, आणि तरीही ती आपल्याकडे कपाटातल्या डबीत असतात. ऐकू न येणारा माणूस आधी हो-हो करतो, मग हसतो, मग बोलायचा थांबतो, आणि शेवटी यायचाच थांबतो. मेंदूला जे खाद्य मिळायचे ते शब्दांचे असते. ते आटले की मेंदूचे कसे होत असेल, याबद्दल संशोधकांचे दोन-तीन तर्क आहेत: तुटक शब्द जुळवण्यातच मेंदू दमतो, ऐकण्याचा भाग वापराविना झिजतो, किंवा माणूस एकटा पडतो म्हणून त्रास होतो. कदाचित तिन्ही.

मग यंत्र लावले तर फरक पडतो का? अमेरिकेत 'अचीव्ह' नावाचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ साली आले. ७० ते ८४ वयाच्या, कमी ऐकू येणाऱ्या ९७७ जणांपैकी निम्म्यांना यंत्रे दिली आणि ती वापरायला शिकवले, बाकीच्यांना आरोग्याची सर्वसाधारण माहिती दिली. तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हे आम्ही लपवत नाही. पण त्या ९७७ मध्ये एक गट असा होता की ज्यांचे वय जास्त होते, ज्यांना रक्तदाब-मधुमेहाचा त्रास जास्त होता, म्हणजे ज्यांना मुळातच धोका जास्त होता. त्या गटात यंत्र लावलेल्यांची बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. आपल्या बुधवारच्या मंडळींकडे पाहिले तर ती कुठल्या गटासारखी आहेत हे सांगायला डॉक्टर लागत नाही. घरटी एक मधुमेही आपल्याकडे असतोच.

दुसरी गोष्ट सोबतीची. लंडनच्या सरकारी नोकरांचे आरोग्य १९८५ सालापासून तपासत आलेली 'व्हाइटहॉल' नावाची मोठी पाहणी आहे. तिच्यातल्या दहा हजारांवर लोकांचा हिशोब २०१९ साली प्रसिद्ध झाला. साठाव्या वर्षी जे मित्रांना जवळजवळ रोज भेटत, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण, एखाद-दुसऱ्या मित्राला काही महिन्यांतून एकदा भेटणाऱ्यांपेक्षा १२ टक्क्यांनी कमी होते. यात आमचे लक्ष वेधून घेतले ते निराळ्याच गोष्टीने. हा फरक मित्रांच्या भेटीगाठींत दिसला, नातेवाइकांच्या भेटींत दिसला नाही. आपण काय म्हणतो? 'आमच्या आईला काय कमी आहे, घर भरलेले आहे, नातवंडे आहेत.' घर भरलेले असते, पण सकाळी साडेआठला सगळे बाहेर पडतात आणि संध्याकाळी येतात ते आपापल्या खोलीत जातात. आईशी बोलणे होते ते 'जेवलीस का' आणि 'गोळी घेतलीस का' एवढेच. वाद घालायला, टोमणा मारायला, जुन्या दादरच्या किंवा सदाशिव पेठेच्या आठवणीत चूक काढायला बरोबरीचे माणूस लागते. ते बुधवारी मिळते. पत्त्यांत चिडणाऱ्या आमच्या एका काकांना ठराव मांडणाऱ्यांनी एकदा येऊन पाहावे.

अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, हे आम्हांस कळते. ज्याची बुद्धी आधीच मंदावू लागली आहे तो आपणहून मित्रांना टाळू लागतो, तेव्हा आधी कोंबडी की आधी अंडे हा प्रश्न उरतोच. म्हणून माणसे निवडून, गट पाडून केलेले प्रयोग महत्त्वाचे. असा पहिला मोठा प्रयोग फिनलंडचा. प्राध्यापक मिया किविपेल्तो यांनी ६० ते ७७ वयाच्या १२६० जणांवर तो केला आणि २०१५ साली निष्कर्ष मांडले. निम्म्यांना आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख हे सगळे एकत्र दिले. दोन वर्षांनी त्यांच्या बुद्धीच्या चाचण्यांचे गुण दुसऱ्या गटापेक्षा चांगले आले. त्याच धर्तीवर अमेरिकेत २१११ जणांवर प्रयोग झाला, तो २०२५ च्या उन्हाळ्यात प्रसिद्ध झाला. तिथे एका गटाला दोन वर्षांत ३८ वेळा एकत्र जमवून, शिकवून, पाठपुरावा करून घेतले. दुसऱ्या गटाला माहिती दिली, सहा वेळा भेटवले आणि बाकीचे ज्याचे त्याच्यावर सोडले. दोन्ही गट सुधारले, पण वारंवार जमणारा गट थोडा जास्त सुधारला. फरक लहानच आहे आणि त्यातून किती जणांचा स्मृतिभ्रंश पुढे टळेल हे कळायला अजून वर्षे जातील. तरी दोन वर्षांत ३८ बैठकी म्हणजे काय होते? आपण वर्षाला चाळीसहून अधिक बुधवार भरवतो. आपल्याकडे हॉल आहे, माणसे आहेत, किल्ली कोणाकडे असते तेही ठरलेले आहे. नाही तो फक्त व्यायाम आणि रक्तदाब मोजायचे यंत्र. ते जमवायचे सोडून आपण हॉलच काढून घ्यायला निघालो आहोत!

रक्तदाबाबद्दल थोडक्यात. चाळिशीपासून वरचा आकडा १३० किंवा त्याखाली ठेवावा असे लॅन्सेटची समिती सांगते. चाळिशीपासून, सत्तरीपासून नव्हे. म्हणजे हा लेख 'ज्येष्ठांचा' म्हणून उलटून टाकू पाहणाऱ्या आमच्या भाचे-पुतण्यांनाही तो लागू आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगात रक्तदाब १२० च्या खाली आणलेल्यांत स्मरणशक्तीच्या सौम्य बिघाडाचे प्रमाण, १४० च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी निघाले. गोळ्यांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. लोणचे-पापड मात्र आपल्याच हातात आहे.

आणि बी-१२. आपल्यात शाकाहारी पुष्कळ, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारेही पुष्कळ. दोन्हींमुळे बी-१२ कमी पडू शकते आणि ते फार कमी झाले की विसरणे, गोंधळणे सुरू होते. थायरॉइड मंदावला, मन उदास असले, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे चालू असल्या, तरी तसेच दिसते. यांवर उपाय आहेत. ज्याला आपण म्हातारचळ म्हणून सोडून दिले त्याला कदाचित इंजेक्शनांची गरज होती, असे होता कामा नये. जी.पी.कडे लवकर जायचे ते यासाठी.

आणखी एक बातमी मोठी मजेची आहे, ती नागिणीच्या लसीची. वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ ला ही लस सुरू झाली तेव्हा नियम असा होता की २ सप्टेंबर १९३३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिळेल, आधीच्यांना कधीच नाही. म्हणजे एका आठवड्याच्या अंतराने जन्मलेली, बाकी सर्व बाबतींत सारखी माणसे आपोआप दोन गटांत पडली. कोणी मुद्दाम ठरवून इतका स्वच्छ प्रयोग केला नसता. सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे एक-पंचमांशाने कमी आढळले, स्त्रियांत विशेष. हे २०२५ साली 'नेचर'मध्ये आले. ती लस जुनी होती, आता एन.एच.एस. दुसरी देते, आणि तिचाही असाच गुण येतो का हे अजून पाहिले जात आहे. पण नागीण किती दुखते हे ज्यांना झाली त्यांना विचारा. तेवढ्यासाठीसुद्धा ती घेण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये ७० ते ७९ वयाच्यांना, आणि १ सप्टेंबर २०२३ पासून ज्यांना पासष्ट पूर्ण झाली त्यांना ती फुकट आहे. बुधवारी विचारले तर आमच्यातल्या निम्म्यांना पत्रे आली होती आणि ती पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर रद्दीत गेली होती.

'एवढे सगळे कशाला, आता औषध निघालेय ना?' असे आम्हांला दोघा-तिघांनी विचारले. निघाले आहे, पण त्याची जात नीट समजून घ्यावी. डोनेपेझिलसारख्या जुन्या गोळ्या १९९०च्या दशकापासून आहेत. त्या लक्षणे काही काळ सौम्य करतात, रोग थांबवत नाहीत. काहींना त्यांचा चांगला उपयोग होतो, तेव्हा डॉक्टरांनी दिल्या तर जरूर घ्याव्यात. नवे लेकानेमॅब हे मेंदूत साठणारे अमायलॉइड धुऊन काढते. १७९५ जणांवरच्या प्रयोगात दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली अशा ठळक बातम्या आल्या. प्रत्यक्षात तो फरक १८ गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ गुणांचा होता. घरच्यांना तो जाणवेल की नाही यावर डॉक्टरांतच दुमत आहे. दर पंधरा दिवसांनी शिरेतून औषध, पुन्हा पुन्हा एम.आर.आय., आणि काहींच्या मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव. शिवाय ते फक्त अगदी सुरुवातीच्या रुग्णांसाठी. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला परवाना मिळाला, पण एन.एच.एस.ने ते द्यावे का याचा विचार करणाऱ्या 'नाइस' संस्थेने जून २०२५ च्या मसुद्यात, खर्चाच्या मानाने लाभ फार थोडा, असे म्हणून नकार दर्शवला. संशोधनाचा दरवाजा उघडला हे खरेच मोठे आहे. त्या दरवाजातून आपले आजोबा आत्ता आत जातील असे नव्हे.

मायदेशाहून बाटल्या मागवणारेही आहेत. जिंकोच्या गोळ्या इथल्या दुकानांत स्मरणशक्तीच्या नावाने विकतात. त्या गोळ्या अमेरिकेत तीन हजारांवर वृद्धांना कित्येक वर्षे देऊन पाहिल्या, २००८ साली निकाल आला: स्मृतिभ्रंश टाळण्याला काही उपयोग नाही. त्या पैशांत बुधवारी सर्वांना भजी येतील.

आता भाषेचे. हा मुद्दा आम्हांला सर्वांत जवळचा आहे. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा रोग एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला. निरक्षर लोकांतही तो फरक होता, म्हणजे हा शाळेचा प्रताप नव्हता. सगळ्याच देशांतल्या पाहण्यांत असे दिसलेले नाही, तरी मराठी शाळेच्या बाबतीत नाक मुरडणाऱ्या पालकांनी एवढे वाचून ठेवावे.

पण या भाषेची दुसरी बाजू आहे. रोग वाढला की पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी जाते. चाळीस वर्षे इथल्या इस्पितळात इंग्रजीत काम केलेली बाई एक दिवस फक्त मराठीत बोलू लागते, आणि तिच्या नातवंडांना ती कळत नाही. मेमरी क्लिनिकमध्ये इंग्रजीतून तपासले तर ती आहे त्याहून वाईट दिसते. आमच्या माहितीतल्या एका घरी नातू दुभाष्या म्हणून गेला आणि आजोबांचे चुकलेले उत्तर प्रेमाने बरोबर करून सांगत राहिला. आजोबा 'पास' झाले, आणि आणखी आठ महिने वाया गेले. तेव्हा दुभाषी मागा. एन.एच.एस.ने तो द्यायचा असतो, फुकट. घरच्या मुलांना ते काम देऊ नका. भाषा आणि शालेय शिक्षण यांवर कमी अवलंबून असणाऱ्या चाचण्याही आहेत, ऑस्ट्रेलियात २००४ साली तयार झालेली 'रुडास' ही त्यांतलीच. ती करता येईल का, असे विचारायला संकोच नको.

उशीर झाल्याची किंमत आपल्याच लोकांना जास्त पडते. ब्रिटनमधल्या जी.पी.च्या नोंदींवरून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या दक्षिण आशियाई लोकांचा मृत्यू गोऱ्या रुग्णांपेक्षा जवळजवळ तीन वर्षे कमी वयात होतो असे दिसले. त्यामागची कारणे अनेक असतील. त्यांत 'लोक काय म्हणतील' हे एक नक्की आहे. निदान लवकर झाले तर माणूस स्वतःच्या सहीने मुखत्यारपत्र करू शकतो. इथे त्याला लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी म्हणतात, ते शुद्धीत असतानाच करावे लागते. नंतर कोर्टाच्या पायऱ्या आहेत. आणि सुनेला किंवा लेकीला, कारण सेवा शेवटी त्यांच्याच वाट्याला येते, मदत कुठली मागायची ते निदान कळते तरी. ज्या तीन घरांचा उल्लेख वर केला, त्यांतल्या दोघी सुना आज बुधवारी दोन तास सासूबाईंना आमच्याकडे सोडून दुकानात जातात, किंवा गाडीत नुसत्या बसून राहतात. तो हिशोब ठरावाच्या टिपणात नाही.

नव्या ध्वनिव्यवस्थेला आमचा विरोध नाही. जुनी खरखरते, हे खरे. पण आवाज मोठा केला म्हणजे कमी ऐकणाऱ्याला कळते असे नाही, उलट सगळे शब्द एकमेकांत मिसळतात आणि यंत्र लावलेला माणूस ते काढून खिशात टाकतो. गेल्या गणपतीत पहिल्या तीन रांगांतली ज्येष्ठ मंडळी मध्यंतराआधीच उठली, ती कार्यक्रम वाईट होता म्हणून नव्हे. म्हणून आमची सूचना अशी: व्यवस्था घ्यायचीच तर तिच्याबरोबर हिअरिंग लूप बसवून घ्या. भिंतीकडेने एक तार जाते आणि मायक्रोफोनमधला आवाज थेट कानातल्या यंत्रात येतो. 'टी' चे बटण किंवा सेटिंग बहुतेक यंत्रांत असते, पुष्कळांना ते कशासाठी आहे हे ठाऊक नसते. पैसे कमी पडले तर दिवाळीच्या जेवणात एक गोड पदार्थ कमी करा. वर आलेली मधुमेहाची गोष्ट लक्षात घेता त्यातही तोटा नाही.

बुधवारसाठी आम्हांला हॉलच्या भाड्याखेरीज मंडळाकडून काही नको. रक्तदाबाचे यंत्र आम्ही वर्गणी काढून घेतले आहे. आपल्या सभासदांत निवृत्त डॉक्टर आणि परिचारिका आहेत, त्यांच्यापैकी दोघांनी महिन्यातून एकदा यायचे कबूल केले आहे. खुर्चीवर बसून करायचा अर्ध्या तासाचा व्यायाम सुरू करणार आहोत, काकांचे पत्ते त्यानंतर. पंधरा-वीसच माणसे येतात याचे खरे कारण येण्याची सोय नाही हे आहे. ज्यांना सर्वांत गरज आहे त्यांची गाडी चालवणे सुटलेले असते, आणि बस बदलून येणे जमत नाही. बुधवारी दुपारी मोकळे असणारे आणि गाडी असणारे निवृत्त सभासद आपल्यात निदान डझनभर आहेत. प्रत्येकाने महिन्यातून एक फेरी मारली तरी भागेल.

सभा शेवटच्या पानावर दिलेल्या तारखेला दुपारी दोन वाजता आहे आणि सहावा विषय चहाच्या आधी येईल, तेव्हा मत द्यायला थांबावे ही विनंती. ज्यांना आणण्या-पोचवण्याची सोय हवी त्यांनी आदल्या शुक्रवारपर्यंत आमच्यापैकी कोणालाही फोन करावा. कानाची यंत्रे डबीतून काढून लावून यावे. पुढचा बुधवार नेहमीप्रमाणे आहे, साबुदाण्याची खिचडी आहे, आणि एक चौथा गडी कमी पडतो आहे.